मेटलचा रॅक: टोन प्रीॲम्पचा की पॉवर ॲम्पचा?

प्रयोगाचा आराखडा शिकवताना आपल्या पुस्तकांत बहुतेक वेळा खत आणि पीक हेच उदाहरण असतं. चार वाफे, तीन खतं, उत्पादन मोजा. उदाहरण चांगलंच आहे, पण पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मला जो प्रश्न विचारला तो मला त्याहून जास्त आवडला. "दादा, बँडसाठी रॅक बांधायचाय. पैसे एकाच चांगल्या वस्तूपुरते आहेत. मेटलचा टोन प्रीॲम्पमधून येतो की पॉवर ॲम्पमधून?" दोन घटक, एक परिणाम, मर्यादित निधी आणि आपल्याच कानाची शपथ घेणारे शंभर सल्लागार. संशोधनाचा प्रश्न याहून वेगळा काय असतो?

ज्यांना गिटारचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारचा नेहमीचा ॲम्प हेड म्हणजे एकाच पेटीत बसवलेली दोन यंत्रं. पहिलं प्रीॲम्प: पिकअपकडून आलेला क्षीण सिग्नल वाढवायचा, मुद्दाम विकृत करायचा, त्याला घाट द्यायचा. दुसरं पॉवर ॲम्प: तयार झालेल्या सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद द्यायची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही दोन यंत्रं वेगळी काढून १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत एकावर एक बसवायची पद्धत जोरात आली. एका खणाची उंची पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एडीए एमपी-१ (१९८७), नंतर मार्शल जेएमपी-१, मेसा बूगीचा ट्रायॲक्सिस ही त्या काळातली ठळक नावं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की हेडमध्ये जे आतल्या आत जोडलेलं असतं, ते रॅकमध्ये एका केबलने जोडलेलं असतं. केबल काढा, दुसरं यंत्र लावा. म्हणजे व्हेरिएबल सुटे झाले!

आता प्रीॲम्प. बहुतेक जण "गेन किती आहे" हे विचारतात. माझ्या मते हा सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न आहे, कारण मेटलसाठी बनवलेल्या प्रत्येक प्रीॲम्पमध्ये गेन गरजेपेक्षा जास्तच असतो. विचारायचं हे, की विकृतीकरण होण्याआधी बेस किती कापला जातो.

का, ते बघा. कुठल्याही नॉन-लिनिअर सर्किटमध्ये दोन वारंवारता एकत्र घातल्या की बाहेर त्या दोन तर येतातच, शिवाय त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही येतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. गिटारची सगळ्यात जाड ई तार ८२.४ हर्ट्झची. तिच्यावर पाचवा स्वर, म्हणजे बी, साधारण १२३.५ हर्ट्झ. वजाबाकी ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मूळ ई स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली. दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये इतका भारी का वाटतो, त्यातला मोठा भाग हा: जो स्वर कोणी वाजवलाच नाही तो सर्किटने तयार केला आणि तो सुरात निघाला. आता पाचव्याऐवजी तिसरा स्वर घ्या, जी शार्प, १०३.८ हर्ट्झ. वजाबाकी २१ हर्ट्झच्या थोडी वर. सोबत बाकीची मिश्रणंही येतात, त्यातली बरीचशी कॉर्डमध्ये न बसणारी. म्हणून मेजर कॉर्ड जास्त गेनवर चिखल होतो. तारा अजून खाली ट्यून केल्या, सात तारांच्या गिटारची बी ६१.७ हर्ट्झवर गेली, की हा चिखल वाढतोच. उपाय एकच: खालच्या वारंवारता डिस्टॉर्शनच्या आधी कापायच्या आणि नंतर परत वाढवायच्या.

प्रसिद्ध हिरव्या ट्यूब स्क्रीमर पेडलचं काम हेच आहे. त्यातला क्लिपिंगच्या भागातला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या, सूत्रात टाका, उत्तर ७२० हर्ट्झ येतं. त्याखालचा भाग कमी वाढवला जातो. मेटलवाले या पेडलचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल पूर्ण ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं ते गेन वाढवतायत. खरं तर ते गाळणी लावतायत.

प्रीॲम्पची घराणीही याच फूटपट्टीवर ओळखता येतात. मेसाच्या मार्क मालिकेत टोनची बटणं मुख्य विकृतीकरणाच्या आधी येतात, म्हणून तिथे बेस जवळजवळ शून्यावर ठेवायचा आणि पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने परत आणायचा. मार्शल आणि सोल्डानोच्या पद्धतीत टोनची बटणं विकृतीकरणानंतर येतात. तिथे बेस वाढवला तरी पकड फारशी सुटत नाही, कारण कापणी आधीच कपॅसिटरने ठरवून दिलेली असते. दोन्हीवर "बेस" असंच लिहिलेलं असतं. एकच नाव, दोन वेगळ्या राशी. साहित्याचा आढावा घेताना असं पुष्कळ भेटेल, डोळे उघडे ठेवा.

पॉवर ॲम्पकडे वळू. इथे ठरलेलं वाक्य म्हणजे "ट्यूबच पाहिजे, ट्रान्झिस्टरमध्ये जीव नाही." या वाक्यात थोडं सत्य आहे, पण ते बहुतेकांना वाटतं तिथे नाही. घट्ट मेटल रिदममध्ये पॉवर ट्यूब विकृत होणं सहसा नकोच असतं. विकृतीचं काम प्रीॲम्पने उरकलेलं असतं. फरक पडतो तो आउटपुट इम्पिडन्सने.

गिटार स्पीकर हा कागदावर ८ ओहमचा. प्रत्यक्षात त्याचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलतो आणि रेझोनन्सपाशी कित्येक पट चढतो. मेटलमध्ये सर्रास वापरला जाणारा सेलेशनचा व्हिंटेज ३० घेतला तर त्याचा रेझोनन्स ७५ हर्ट्झचा. गिटारची ई ८२ हर्ट्झची. म्हणजे पाम म्यूटचा धक्का बरोबर त्याच जागी बसतो. समजण्यापुरतं गणित करू. ॲम्पचा स्वतःचा इम्पिडन्स ८ ओहम, स्पीकरचा एरवी ८ आणि रेझोनन्सपाशी ६० धरा. साधा व्होल्टेज डिव्हायडर: एरवी स्पीकरला निम्मं व्होल्टेज, रेझोनन्सपाशी ६० भागिले ६८, म्हणजे ०.८८. फरक जवळपास ५ डेसिबल. आता ॲम्पचा इम्पिडन्स ०.१ ओहम धरा, जसा साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा असतो. फरक ०.१ डेसिबलच्याही आत! तोच प्रीॲम्प, तोच कॅब, आणि पाम म्यूटला एकीकडे पाच डेसिबलचा फुगवटा, दुसरीकडे सपाट. लोक त्याला "जीव" म्हणतात. ट्यूब पॉवर ॲम्पवरची प्रेझेन्स आणि डेप्थ ही बटणंही बहुधा हेच करतात: त्या त्या पट्ट्यात निगेटिव्ह फीडबॅक कमी करून स्पीकरला मोकळा सोडतात. आणि ट्रान्झिस्टरवर मेटल होत नाही म्हणणाऱ्यांनी पँटेराचा डायमबॅग डॅरेल आठवावा. तो रँडलचे सॉलिड स्टेट हेड वाजवायचा.

वॅटबद्दल दोनच वाक्यं. ५० चे १०० वॅट केले तर वाढ ३ डेसिबलची, आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तरीही राखीव ताकद हवी, कारण खालच्या तारांचे धक्के तीच खातात, आणि ती संपली की पॉवर ॲम्प क्लिप होऊन आपण मघाशी कापलेला चिखल परत आणतो.

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर "प्रीॲम्प" किंवा "पॉवर ॲम्प" असं एका शब्दात निघत नाही. प्रीॲम्पने बेस किती कापला यावर पॉवर ॲम्पचा फुगवटा वरदान ठरेल की त्रास, हे अवलंबून. यालाच इंटरॲक्शन म्हणतात, आणि एका वेळी एकच घटक बदलत गेलात तर तो निसटतो. हवा दोन गुणिले दोनचा आराखडा: दोन प्रीॲम्प, दोन पॉवर ॲम्प, चारही जोड्या, कॅब तोच, माइक तसूभरही हलवायचा नाही. मेटालिकाने 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या (१९८६) वेळी मेसा मार्क टू-सी प्लसचा प्रीॲम्प भाग मार्शलच्या पॉवर भागाला जोडला होता. पेट्या कुठे कापायच्या हे कंपनीने ठरवलेलंच मानायचं नाही, एवढं त्यातून घ्या.

मापन करताना सगळ्यात मोठा चोर म्हणजे आवाजाची पातळी. जो जास्त मोठा तो चांगला वाटतो, अगदी अर्ध्या डेसिबलचा फरकसुद्धा "जास्त जिवंत" म्हणून ऐकू येऊ शकतो. रॅकमध्ये हे हमखास होतं, कारण प्रीॲम्पचे आउटपुट वेगवेगळ्या पातळीचे असतात. व्यावसायिक प्रमाण १.२३ व्होल्ट, घरगुती ०.३१६ व्होल्ट, फरक जवळपास १२ डेसिबल! म्हणून आधी एक रिफ सरळ गिटारमधून रेकॉर्ड करा आणि तोच प्रत्येक जोडीत सोडा, म्हणजे हाताचा फरक गेला. चारही रेकॉर्डिंग ०.२ डेसिबलच्या आत जुळवा. (टोनचा घाट वेगळा असेल तर एका आकड्याने जुळवणं पूर्ण न्याय्य नसतं. पण न जुळवण्यापेक्षा शंभरपट बरं.) मग मित्राला सांगा, न सांगता बदलून ऐकव. १० पैकी ८ वेळा ओळखलंत तरी नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता ५.५ टक्के. १६ पैकी १२ ओळखलंत तर ३.८ टक्के. किती फेऱ्या घ्यायच्या हे ऐकायला बसायच्या आधी लिहून ठेवा. आठाला जमलं म्हणून आठालाच थांबणं हे आपल्या क्षेत्रातलंही नेहमीचं पाप आहे.

माझं मत विचाराल तर: कॅब बरा नसेल तर आधी तो. गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ बोलतच नाही, त्यामुळे तो सगळ्यात जबर इक्वलायझर आहे. मग प्रीॲम्प. पॉवर ॲम्प सध्या साधा सॉलिड स्टेट पण भरपूर वॅटचा चालेल, आणि तो पाच डेसिबलचा फुगवटा इक्वलायझरने बराचसा आणता येतो. ट्यूब पॉवर ॲम्प जुना घेणार असाल तर किमतीत नव्या पॉवर ट्यूबच्या पूर्ण संचाचा खर्च धरा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जातो. चाचणीतही स्पीकरची केबल बदलताना तो पूर्ण बंद हवा.

अमेरिकेतून आलेली जुनी पेटी असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टची पेटी आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली की गेली. जुन्या मिडी प्रीॲम्पमध्ये साठवलेले टोन टिकवायला आत एक छोटी बॅटरी असते, ती मेली की सगळे टोन पुसले जातात. विकणारा "मेमरी बिघडलीय" म्हणत असेल तर कदाचित तेवढंच असेल, भाव करायला हरकत नाही.

आणि फेऱ्या लहान ठेवा. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. त्यानंतर कान थकतात, वरचे स्वर मंद ऐकू येतात, आणि शेवटच्या फेरीत ऐकलेली जोडी अंधारी वाटते. जोड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि मोठ्या आवाजाचं रेकॉर्डिंग एकदाच करून तुलना दुसऱ्या दिवशी हळू आवाजात, हेडफोनवर करा.