टेलच्या खोलीपर्यंत ऊब

सकाळी ८. स्लाउमधलं १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, मागे नंतर वाढवलेली एक खोली. सकाळी हीटिंग लावू नका, असं कालच फोनवर सांगून ठेवलं होतं. कोणता रेडिएटर आधी तापतो आणि कोणता मागे राहतो, हे घर गार असतानाच कळतं. दार उघडलं ते आजींनी. हिवाळाभर लेकीकडे राहायला आल्यात, मूळच्या इंदापूरच्या. अंगात दोन स्वेटर, वर शाल. "हीटिंगवाला यायचा म्हणून घर गार ठेवायचं, ही कुठली रीत?" इथूनच सुरुवात झाली.

तक्रार माझ्या ओळखीची. पुढच्या खोलीत खिडकी उघडावी लागते आणि मागच्या खोलीत आजी कुडकुडतात. थर्मोस्टॅट २४वर नेला तरी फरक नाही, बिल तेवढं वाढलं. कुणीतरी मोठा बॉयलर बसवायचा सल्लाही दिला होता. बॉयलरला मी अजून हात लावला नव्हता, पण तो लहान नाही हे पुढच्या खोलीतली उघडी खिडकीच सांगत होती.

८:३०. आधी चौकशी. हीटिंग चालू असताना रेडिएटर वरून गार राहत असेल तर आत हवा आहे, किल्लीने ती काढायची. खाली मधोमध गार असेल तर काळा गाळ साचलाय. आजींच्या खोलीतला म्हणे वरपासून खालपर्यंत सारखाच कोमट. म्हणजे पाणीच कमी पोचतंय. तरी एक शंका फेडून घेतली: टीआरव्हीचं, म्हणजे आकडे लिहिलेल्या व्हॉल्व्हचं, डोकं काढलं आणि आतली पिन दाबून पाहिली. उन्हाळाभर बंद राहिली की ही पिन अडकून बसते. इथे मोकळी होती. अडकली असेल तर पान्ह्याच्या सपाट बाजूने हलकेच दाबून सोडवावी. पकडीने उपसायला गेलात तर पाणी गळायला लागेल. बॉयलरवरचा काटा १.३ बार, ठीक.

९. प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक आपण रोज फिरवतो तो. दुसरा समोरच्या टोकाला, प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेला लॉकशील्ड. बहुतेक घरांत ही टोपी वर्षानुवर्षं कुणी काढलेली नसते, आणि माझा सगळा दिवस तिच्याखालीच जातो. प्रत्येक लॉकशील्ड बंद करत किती आटे उघडा होता ते मोजलं आणि कागदावर लिहिलं. पुढच्या खोलीतला पूर्ण उघडा निघाला. वॉलपेपर लावताना रेडिएटर उतरवला होता, परत बसवणाऱ्याने व्हॉल्व्ह सताड उघडून दिला. मग सगळेच पूर्ण उघडले, टीआरव्हींची डोकी काढली आणि बॉयलर चालू केला.

९:४५. आता घरभर हात लावत फिरायचं. सगळ्यात आधी बाथरूममधला टॉवेल रेल तापला. त्यातून पाणी जवळजवळ विनाअडथळा जातं. मग स्वयंपाकघर, हॉल, पुढची खोली, वरच्या बेडरूम. शेवटी, बऱ्याच वेळाने, आजींची खोली. तिथवर १० मिलिमीटरचा बारीक, लांबलचक पाइप गेलाय. पाणी सोपी वाट धरतं, बॉयलरजवळच्या रेडिएटरांतूनच परत फिरतं. त्यात थर्मोस्टॅट हॉलमध्ये. हॉल तापला की तो बॉयलर बंद करतो. मागच्या खोलीचं पाणी गरम होण्याआधीच कारभार आटोपलेला.

मी हे सांगत होतो तोवर आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या नीरा डाव्या कालव्यासारखंच. वरचे भिजवून घेतात, टेलला पाणी येईस्तोवर आवर्तन संपतं." इतक्या वर्षांत याहून नेमकं निदान मी ऐकलेलं नाही.

१०:३० ते १. खरं काम हे, बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरांना पाणी नीट वाटून देणं, आणि त्यात बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. जो आधी तापला त्याच्यापासून सुरुवात: लॉकशील्ड बंद करून पाव आटा उघडायचा. पाणी आत नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या, दोन्ही पाइपांवर चिमट्याचे थर्मामीटर. इन्फ्रारेड बंदूक वापरायची तर पाइपावर काळी टेप गुंडाळावी, चकचकीत तांब्यावर ती खोटं वाचन देते. टॉवेल रेलमध्ये पाणी ७०ला जाऊन ६६ला परत येत होतं: चार अंशांचा फरक, म्हणजे फार वेगाने पळतंय. लॉकशील्ड आवळला की वेग कमी होतो, फरक वाढतो. एकदा फिरवलं की दहा मिनिटं थांबायचं, मग आकडा बघायचा. ही दहा मिनिटं कुणाला परवडत नाहीत, म्हणून अनेक घरांत हे काम राहूनच जातं.

फरक किती हवा? जुन्या बॉयलरच्या काळात ११ अंश धरत. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५पासून, मोजके अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच लागतो, आणि त्याच्यासाठी साधारण २० धरतात. परत येणारं पाणी ५५च्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं नीट पाणी होतं आणि तिची उष्णता हाती लागते. जुन्या पाइपांच्या घरात सगळीकडे बरोबर २० आणायच्या हट्टाला मी पेटत नाही. सगळीकडे फरक जवळपास सारखा असला की झालं.

१. पिठलं-भाकरी. नको म्हणायची सोय नव्हती.

२. दुसरी फेरी. एक व्हॉल्व्ह आवळला की त्याचं पाणी इतरांकडे वळतं, त्यामुळे सकाळचे आकडे हललेले असतात. हॉलचा आणखी थोडा आवळला. आजींचा पूर्ण उघडाच ठेवला. शेवटच्याला तसंच ठेवायचं असतं. मग बॉयलरमधून निघणारं पाणी ७०वरून ६०वर आणलं.

४. डिसेंबरात इथे चारच्या आतच सूर्य मावळतो, खरी परीक्षा तेव्हा. थर्मोस्टॅट २०वर. पुढची खोली २१, आजींची १९. एक स्वेटर उतरला. कोणत्या रेडिएटरचा लॉकशील्ड किती आटे उघडा, तो कागद बॉयलरजवळ चिकटवला. सुटा भाग एकही लागला नाही. मोठ्या बॉयलरचा विषय लेकीनेच बंद केला.

विलायतेत राहणाऱ्या वाचकांना सांगायचं तर, बॅलन्सिंगमध्ये गॅसला हात लागत नाही, त्यामुळे ते घरच्या माणसाने करायला हरकत नाही. पान्हा, दोन थर्मामीटर आणि एक मोकळा रविवार पुरतो. बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका, त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरवरचाच माणूस बोलवा. आणि रंगकामासाठी रेडिएटर उतरवणार असाल, तर लॉकशील्डचे आटे आधी मोजून ठेवा.