गिटारची तार आणि निकेलचे वावडे

आमच्या ओळखीची अकरावीतली एक मुलगी वर्षभर इलेक्ट्रिक गिटार शिकत होती. नवशिक्याची बोटे दुखतात, टोकांना घट्टे पडतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. त्यामुळे तिच्या डाव्या हाताच्या बोटांची कातडी सोलू लागली, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. शिकवणारे म्हणाले, "घट्टे पडले की थांबेल." घरच्यांनी भांड्यांच्या साबणाला दोष दिला. पण घट्टे पडले तरी खाज थांबेना. बारीक पाण्याचे फोड येत, फुटत आणि भेगा पडत. परीक्षेच्या वेळी गिटार तीन आठवडे खोळीत राहिली आणि बोटे बरी झाली. पुन्हा वाजवायला घेतली, तर दोन दिवसांत सारे पहिल्यासारखे! शेवटी तिने आम्हांला विचारले, "आता गिटार सोडावीच लागेल का?"

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. बाजारातली खोटी कानातली घातली की तिचे कान चिघळत, म्हणून तिने ती केव्हाच सोडली होती. कान आणि बोटे यांचा संबंध मात्र कोणी जोडला नव्हता. हा संबंध जोडणारा धातू म्हणजे निकेल.

धातू कातडीत शिरतो कसा?

स्वीडनच्या क्रोनस्टेट या रसायनशास्त्रज्ञाने १७५१ साली निकेल वेगळे केले. त्याचे नाव जर्मन खाणकामगारांच्या 'कुप्फरनिकेल' या शब्दावरून आले. तांब्यासारखे दिसणाऱ्या पण तांबे न देणाऱ्या खनिजाला ते 'तांब्यातले भूत' म्हणत. हे भूत पुढे घराघरांत शिरले. चकाकी टिकवण्यासाठी बटणे, बक्कल, चाव्या, घड्याळाचे पट्टे, दागिने अशा असंख्य वस्तूंवर निकेलचा मुलामा देतात.

घन धातू कातडीतून आत जात नाही. पण घामात क्षार असतात आणि तो किंचित आम्लधर्मी असतो. घामाच्या संपर्कात निकेलचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन बनतात, आणि हे आयन कातडीच्या वरच्या थरातून आत झिरपतात. म्हणून वस्तूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून किती सुटते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे ८ टक्के निकेल असते. पण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर ते धरून ठेवतो. म्हणून निकेलचे वावडे असणाऱ्यांनाही अशी भांडी हाताळून सहसा त्रास होत नाही. उलट उदाहरण युरोपातल्या नाण्यांचे. एक आणि दोन युरोच्या नाण्यांत दोन मिश्रधातू शेजारी शेजारी असतात. घामात त्यांची जणू विद्युतघटमाला तयार होते आणि गंजणे वाढते. कृत्रिम घामात ठेवलेली ही नाणी, कातडीला सतत चिकटून राहणाऱ्या वस्तूंसाठी असलेल्या युरोपीय मर्यादेच्या २४० ते ३२० पट निकेल सोडतात, असे २००२ साली आढळले.

आता गिटारकडे पाहू. बोटाचे टोक बारीक तारेवर जोराने दाबले जाते, तिच्यावरून घासत सरकते, आणि वाजवणाऱ्याला घामही येतो. निकेल सुटण्यासाठी आणखी काय हवे?

उशिरा येणारी प्रतिक्रिया

निकेलचे आयन आत शिरून प्रथिनांना चिकटतात. ज्यांना वावडे होते, त्यांच्या शरीरातल्या 'टी' पेशी या बदललेल्या प्रथिनांना शत्रू समजतात. पहिल्या वेळी काहीच दिसत नाही, फक्त ओळख पटवून ठेवली जाते. ही ओळख पक्की व्हायला दीड-दोन आठवडे किंवा अनेक वर्षेही लागतात. पण एकदा ती पटली की पुसली जात नाही. पुढच्या प्रत्येक संपर्कात स्मृतिपेशी जमा होतात आणि दाह सुरू करतात. याला एक ते तीन दिवस लागतात. मधमाशी चावल्यावर काही मिनिटांत येणाऱ्या प्रतिक्रियेपेक्षा ही प्रतिक्रिया निराळी आहे. शनिवारी वाजवलेल्या गिटारीची खाज सोमवारी सुटते, आणि दोष मात्र सोमवारच्या साबणाला जातो!

२०१० साली यातला एक मजेदार धागा सापडला. माणसाच्या पेशींवर टीएलआर-४ नावाचे एक ग्राहक प्रथिन असते. एरवी जीवाणूंची चाहूल घेणाऱ्या या प्रथिनावरील हिस्टिडीनच्या दोन जागांना निकेल थेट जोडले जाते आणि धोक्याची घंटा वाजते. उंदराच्या प्रथिनात या जागा नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरात निकेलचे वावडे निर्माण करणे सोपे नसते.

तारेत असते काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या किंवा बेसच्या जाड तारा दोन भागांच्या असतात. आत पोलादाचा गाभा आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार. ही गुंडाळी बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, आणि काही प्रकारांत जवळजवळ शुद्ध निकेलची असते. वरच्या पातळ तारा साध्या पोलादाच्या असतात. त्यांवर पुष्कळदा कथलाचा मुलामा असतो.

साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारची गुंडाळी बहुधा फॉस्फर ब्राँझची (तांबे आणि थोडे कथील) किंवा तांबे-जस्ताची असते. तिच्यात निकेल नसते. क्लासिकल गिटारच्या पातळ तारा नायलॉनच्या आणि जाड तारांवर चांदीचा मुलामा दिलेले तांबे असते.

तारांखालच्या पट्ट्या, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, 'निकेल सिल्व्हर'चे असतात. नावात चांदी असली तरी यात चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल असा हा मिश्रधातू आहे. घोडी, खुंट्या आणि पिकअपची झाकणे यांवरही निकेल असते. क्रोमियमच्या किंवा सोनेरी मुलाम्याखालीही पुष्कळदा निकेलचाच थर असतो.

मग इलेक्ट्रिक गिटारला ब्राँझच्या तारा का लावू नयेत? इथे भौतिकशास्त्र आडवे येते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची कुंडली. चुंबकाला आकर्षित होणारी तार त्यावर कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कुंडलीत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले हेच ते प्रवर्तन. ब्राँझची गुंडाळी अचुंबकीय, म्हणून जाड तारांचा आवाज दबका येतो.

सुदैवाने हीच अट आपल्याला मदत करते. भांड्यांच्या स्टीलमधले निकेल त्या स्टीलला जवळजवळ अचुंबकीय बनवते. म्हणून तारांसाठी सहसा लोह आणि क्रोमियमचे, निकेल जवळजवळ नसलेले चुंबकीय स्टेनलेस स्टील वापरतात. त्याचा आवाज थोडा तीक्ष्ण येतो आणि पडदे किंचित लवकर झिजतात, पण कातडीला ते मानवते. बेस वाजवणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे. काही तारांवर बाहेरून नायलॉनची चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोटाला नायलॉन लागते आणि पिकअपला आतले पोलाद दिसते, कारण चुंबकीय क्षेत्राला नायलॉनचा अडथळा नाही. प्लॅस्टिकचा पातळ लेप दिलेल्या तारा मिळतात, पण घासून लेप गेला की खालचा धातू उघडा पडतो. कोबाल्टच्या तारांबाबत सावध राहावे. निकेलचे वावडे असणाऱ्या काहींना कोबाल्टचेही वावडे असते.

वर्गात करून पाहा

निकेल ओळखण्याची एक सोपी चाचणी रशियन शास्त्रज्ञ चुगाएव्ह यांनी १९०५ साली शोधलेल्या अभिक्रियेवर आधारलेली आहे. अल्कोहोलमधले डायमिथिलग्लायऑक्झाइमचे १ टक्का द्रावण आणि अमोनियाचे विरल द्रावण, यांचे एक-दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घ्या आणि वस्तूवर अर्धा मिनिट घासा. बोळा गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे. नाणी, चाव्या, पट्ट्याचे बक्कल, कानातली, जुनी तार असे बरेच काही तपासून तक्ता करता येईल. वीस रुपयांचे नाणे जरूर घ्या, कारण त्याच्या दोन्ही भागांत निकेल आहे. खोली हवेशीर हवी, जवळ ज्योत नको, हातमोजे आणि चष्मा हवा, आणि हा बोळा कातडीला लावू नये. एक लक्षात ठेवा: गुलाबी रंग भरवशाचा, पण रंग आला नाही म्हणजे निकेल नाहीच, असे नव्हे.

चुंबकाने मात्र फसू नका. ब्राँझची तारही चुंबकाला चिकटते, कारण आतला गाभा पोलादी. निकेल स्वतःही चुंबकीय आहे. असे का, यावर विद्यार्थ्यांना वाद घालू द्यावा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे खात्री. बोटांवरचा प्रत्येक पुरळ निकेलचा नसतो. शिसवीसारख्या लाकडांचे, पट्ट्याच्या चामड्यातल्या क्रोमियम क्षारांचे किंवा व्हायोलिनच्या राळेचेही वावडे असते. याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली पट्टी-चाचणी आजही वापरतात. त्वचारोगतज्ज्ञ व्हॅसलिनमध्ये मिसळलेले ५ टक्के निकेल सल्फेट पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी पट्टी काढतात, आणि त्या दिवशी व पुन्हा एक-दोन दिवसांनी ती जागा तपासतात. दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइडचे मलम आणून लावू नये. खाज तात्पुरती दबते, पण कारण तसेच राहते आणि कातडी पातळ होते.

खात्री झाल्यावर तारा बदलाव्यात. जुन्या तारांचा धातूचा कीस पडद्यांच्या मधे साचलेला असतो. तो ओल्या फडक्याने पुसूनच नव्या तारा चढवाव्यात. तळहात टेकतो ती घोडी बदलावी किंवा तिच्यावर पारदर्शक वार्निशचा हात द्यावा. हा लेप झिजतो, तेव्हा अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. तारेवर मात्र वार्निश लावू नये, नाद मरतो. पडद्यांना बोट कमी लागते, म्हणून ते शेवटी. तरीही त्रास उरला, तर स्टेनलेस स्टीलचे पडदे बसवून मिळतात. उजव्या हातासाठी प्लॅस्टिकची नखी वापरावी. वाजवून झाल्यावर हात धुवावेत, आणि तोवर डोळे चोळू नयेत. पापणीची कातडी फार पातळ असते आणि बोटांवरचे निकेल तिथे पोहोचते.

वावडे मुळातून घालवणारा खात्रीचा उपाय आज नाही. पण ते होऊ न देणे बऱ्याच अंशी शक्य आहे. कान टोचल्यावर घातलेले स्वस्त दागिने हा निकेलची ओळख पटण्याचा मोठा मार्ग आहे. कातडीला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर युरोपीय संघाने १९९४ साली मर्यादा घातली: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. त्यानंतर डेन्मार्कसारख्या देशांत तरुण मुलींमधले निकेलचे वावडे कमी झाल्याचे दिसले. म्हणून वर्गातल्या तक्त्यात कानातल्यांचा रकाना वगळू नये.

त्या मुलीची पट्टी-चाचणी निकेलला स्पष्ट होकार देणारी निघाली. तिने स्टेनलेस स्टीलच्या तारा लावल्या, घोडी बदलली. महिन्याभरात भेगा भरल्या. आता बोटांच्या टोकांवर नुसते घट्टे आहेत, गिटार वाजवणाऱ्या कोणाच्याही असतात तसे.