महाडच्या नगरपालिकेचा एक ठराव

५ जानेवारी १९२४ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने एक ठराव मंजूर केला. गावातल्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरायला नगरपालिकेची हरकत नाही, एवढाच त्याचा आशय. त्या दिवशी तळ्यावर काहीही बदलले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आणि पुढची तीन वर्षेही नाही.

लहान गावच्या पालिकेचे कामकाज बाहेरून पाहणाऱ्याला रुक्ष वाटते. गटार तुंबले, नळाला पाणी कमी येते, बाजारातल्या गाळ्याचे भाडे थकले, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवा नाही. सभेपुढे विषय येतो, कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदक, ठराव होतो आणि इतिवृत्ताच्या वहीत चार ओळी उमटतात. त्यातल्या बहुतेक ओळी पुन्हा कोणी वाचत नाही. महाडच्या त्या ठरावावर मात्र पुढे तेरा वर्षे माणसे भांडली, डोकी फुटली, कज्जे झाले आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. पालिकेची मालमत्ता नेमकी कोणाची असते, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या तळ्याने क्वचितच विचारला असेल.

ठरावाचे मूळ मुंबईच्या कायदेमंडळात होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी तिथे एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या व कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना त्याप्रमाणे सूचना धाडल्या. पण पाणवठे सरकारच्या हातात कुठे होते? ते होते नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हातात. म्हणजे मुंबईत झालेल्या निर्णयाचे भवितव्य गावोगावच्या सभासदांवर येऊन ठेपले. अनेक ठिकाणी कागद दप्तरात पडून राहिला. स्वतः बोल्यांना ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा उभे राहून, ज्या संस्था हा निर्णय पाळत नाहीत त्यांचे अनुदान रोखा, असे म्हणावे लागले.

महाडने निदान ठराव तरी केला, आणि तो करायलाही त्या काळात धैर्य लागत होते. त्या वेळी पालिकेचा मतदार ठरत होता तो कर आणि मालमत्तेच्या अटींवर. ज्यांना तळ्याचे पाणी हवे होते त्यांचा सभागृहात आवाज जवळपास नव्हताच. त्यांच्या वतीने मत द्यायचे ते इतरांनी, तेही स्वतःच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नाराजी पत्करून. १९२७ मध्ये महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ गोविंद तथा सुरबानाना टिपणीस हे अशी नाराजी पत्करणाऱ्यांपैकी. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून कायदेमंडळात निवडून गेले.

दुसरा दुवा होता रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाचा. महाडजवळच्या लाडवलीत जन्मलेला आणि दासगावात वाढलेला हा मुलगा हुशार होता. त्याने शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला आधी प्रवेश नाकारला गेला. तो त्याने झगडून मिळवला. सार्वजनिक म्हणवणाऱ्या संस्थेचे दार आपल्यासाठी आपोआप उघडत नाही, त्यासाठी अर्ज, पत्र आणि पाठपुरावा लागतो, हे या मुलाला शाळेतच कळले होते. महाडला परिषद घ्यावी म्हणून बाबासाहेबांच्या मागे लागणाऱ्यांत मोरे पुढे होते. अनंतराव चित्रे हेही त्या खटपटीत होते. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम केलेले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही त्यांच्याबरोबर होते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचे काम म्हणजे रात्रशाळा, वाचनालये, कामगार वस्तीतली सेवा. अशा कामातून आलेली माणसे पालिकेच्या ठरावाला पाय फुटावेत म्हणून राबत होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आसपासच्या गावांतून हजारो माणसे पायी आली. त्यांना प्यायला पाणी हवे होते. तळे समोर होते, पालिकेचा ठराव तीन वर्षे जुना होता, आणि तरीही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर किती, हे मोजायला यापेक्षा नेमका आकडा सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी परिषदेचे कामकाज संपत आले तेव्हा चित्रे उठले. नगरपालिकेने तळे खुले केले आहे, तर परिषदेने आजच तिथे जाऊन तो हक्क बजावावा, असे त्यांनी सुचवले. लोक रांगा धरून शिस्तीत निघाले, बाजारातून चालत तळ्यावर पोहोचले. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि मग बाकीचे प्यायले. घोषणा, दंगा, मोडतोड काही नाही. ज्या कृतीला पुढे सत्याग्रह म्हटले गेले, ती कायद्याच्या भाषेत मंजूर ठरावाची अंमलबजावणी होती. पालिकेने जे करायचे ते नागरिकांनी स्वतः केले.

त्यानंतर काही वेळातच गावात अफवा उठली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव मांडवाकडे धावला. जेवायला बसलेल्या, गावाकडे निघालेल्या माणसांना मारहाण झाली. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्यासाठी १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्रोच्चारात ते परत तळ्यात ओतले.

आणि मग पालिकेने माघार घेतली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव कायदेमंडळात झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. या माघारीचा दोष एकट्यादुकट्या सभासदावर टाकता येत नाही. लहान गावात मतदार आणि सभासद एकाच आळीत राहतात, एकाच दुकानात उधारीवर माल घेतात, एकमेकांच्या लग्नकार्यात पंगतीला बसतात. राज्याच्या पातळीवर मत देणे वेगळे आणि रोज तोंड दाखवायचे त्यांच्यासमोर हात वर करणे वेगळे. म्हणूनच तिथला एक ठराव मोठ्या भाषणापेक्षा जड असतो, आणि म्हणूनच तो मोडतोही लवकर.

ठराव रद्द झाल्याने प्रश्न मिटला, असे ज्यांना वाटले त्यांचा अंदाज चुकला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मांडवासाठी गावात जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. मुंबईहून येणाऱ्यांचा प्रवास अडेल म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाडला आले. पण त्याआधीच, १२ डिसेंबरला, स्पृश्य मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला होता आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. प्रतिवादींमध्ये डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर आणि इतर तिघे. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायचे की नाही यावर खल झाला. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले. शेवटी न्यायालयाचा मान राखून पाणी घेणे पुढे ढकलले गेले आणि लोकांनी तळ्याला फेरी घातली. रस्त्यावरची ताकद हाताशी असताना बाबासाहेबांनी कागदाची लढाई निवडली, ही गोष्ट पालिकेच्या कामकाजात रस असणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

ती लढाई लांबली. मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. महाडच्या न्यायालयाने दावा ८ जून १९३१ ला फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयात अपील झाले, तेही ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग उच्च न्यायालय. न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्यापुढे सुनावणी होऊन १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, तोही बाबासाहेबांच्या बाजूने.

निकालातला मालकीचा भाग सामान्य नागरिकाने वाचावा असा आहे. वादींचे सुरुवातीचे म्हणणे असे, की तळे चौधरी वतनदारांच्या खासगी मालकीचे. पुढे त्यांनी हा मुद्दा सोडला. तळे मुळात सरकारी, आणि १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार ते नगरपालिकेकडे निहित झालेले, हे मान्य झाले. तळ्याचे क्षेत्र चार-पाच एकर, चारी बाजूंनी पालिकेचे रस्ते, त्यापलीकडे घरे. त्यात पाणी नळाने येत नव्हते. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी साठत होते. अशा तळ्यावर एका वर्गाचाच हक्क अनादिकाळापासून आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वादींची होती. अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते हे कोणी नाकारत नव्हते. पण भोवती घरे होण्यापूर्वी त्यांना कोणी जाणीवपूर्वक अडवले होते का, याचा पुरावा नव्हता. मुसलमान ते पाणी वापरतच होते. रूढी सिद्ध झाली नाही, अपील फेटाळले गेले. १९२७ चा रद्दीकरणाचा ठराव या सगळ्यात निरुपयोगी ठरला. सभेच्या बहुमताने पालिका आपला विचार बदलू शकते, पण तळ्याचे सार्वजनिकपण बदलू शकत नाही.

आज महाडला नगरपरिषद आहे. चवदार तळ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे आणि दरवर्षी २० मार्चला राज्यभरातून लोक येतात. कधीकाळी ज्या गावात परिषदेला विकतचे पाणी आणावे लागले, तिथे आता येणाऱ्यांसाठी पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता पाहणे हे सार्वजनिक यंत्रणेचे काम मानले जाते.

कायदाही बदलला आहे. राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली चालतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून त्यांना घटनेत स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. ज्यांच्याविषयी पूर्वी ठराव होत, तेच आता सूचक आणि अनुमोदक होऊन सभेत बसतात. मुख्याधिकाऱ्यावर अंमलबजावणीची जबाबदारी असते. याच अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार एखादा ठराव बेकायदा असेल किंवा त्याने शांतताभंगाची शक्यता असेल, तर जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतो. हे कलम दुधारी आहे. अन्यायाचा ठराव त्याने थांबतो, पण गावातला दांडगा गट ओरडला म्हणून चांगला ठरावही लटकू शकतो. १९२४ चा ठराव आज झाला असता तर 'शांतताभंग' हा शब्द कोणी ना कोणी नक्की उच्चारला असता.

मधल्या काळात बहुतेक गावांत ठराव करणारी सभाच उरली नव्हती. मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले आणि आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबत गेल्या. लोकांनी निवडलेल्या सभेचे काम काही वर्षे एकट्या अधिकाऱ्याच्या सहीने चालले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, २१ डिसेंबरला मतमोजणी झाली आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडले गेले. सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. कुठे घनकचऱ्याचा विषय आहे, कुठे मैला टाकीत उतरणाऱ्या कामगारांचा, कुठे एखाद्या वस्तीला अजून न पोहोचलेल्या नळाचा. तिथे मंजूर झालेल्या ठरावांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात, आणि कोणत्या ठरावाची अंमलबजावणी कोणत्या तारखेला झाली, हेही त्याच अर्जात विचारता येते.