वडील वारल्यावर खात्यावर कुणाची नावे?



सोयाबीनच्या पेरणीआधी सहकारी संस्थेत खत-बियाण्यासाठी रांग लागते, तेव्हा एक गोष्ट दरवर्षी उघडी पडते. शेत कसणारा रांगेत उभा असतो; पण त्याच्या हातातल्या ऋणपुस्तिकेवर नाव असते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी दफनभूमीत विसावलेल्या बापाचे, क्वचित आजोबाचेसुद्धा. घरात मृत्यू झाला की आपण अंत्यविधी रीतसर करतो, महिन्याची मिस्सा सांगतो, पुढे ऐपतीप्रमाणे कबर बांधतो. कागदपत्रे मात्र पत्र्याच्या पेटीत तशीच राहतात. भाऊ-भाऊ गोडीने नांदत असतात, म्हणून कुणाला घाई वाटत नाही. घाई होते ती भांडण झाल्यावर, किंवा सरकारी भूसंपादनाची नोटीस दारावर लागल्यावर. पीथमपूरच्या कारखान्यांसाठी असो की सरदार सरोवराच्या बुडितासाठी असो, धार जिल्ह्यात भूसंपादन पुष्कळ झाले आहे. भरपाईची यादी कागदावरील नावांवरूनच सुरू होते.

म्हणून या लेखात आमचे सांगणे एकच आहे. मृताच्या नावावर जमीन ठेवू नका. आणि वारसांची नावे चढविताना विधवेचे व मुलींचे नाव गाळू नका.

आपल्या देवासचाच दाखला

वाटणी स्पष्ट न झाली तर काय होते, हे देवासकरांना वेगळे सांगायला नको. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या दोन पवार बंधूंकडे देवास आले. पुढे त्यांच्या वंशजांत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, पण राजे दोन, राजवाडे दोन, कचेऱ्या दोन. आणि दोन्ही संस्थानांचा मुलूख एकमेकांत गुंतलेला. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांनी १९५३ साली या अजब कारभारावर पुस्तकच लिहिले. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, तेव्हा हा दुहेरी संसार संपला. राजांना तो परवडला, कारण त्यांच्या पदरी कारभारी होते. अठरा बिघ्यांच्या धन्याला तो परवडत नाही.

कायदा वाटणी कशी करतो?

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे होते. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेनेही भूमिस्वामीचा हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे वारसांकडे जातो, असेच म्हटले आहे. पुष्कळ ख्रिस्ती घरांत मात्र शेजारच्या हिंदू घरातली रीत हीच आपली रीत, असे धरून चालतात. तसे नाही.

आपला नियम असा. मागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एकतृतीयांश. उरलेले दोनतृतीयांश सर्व मुलांना सारखे. मुलगा व मुलगी यांत भेद नाही, मुलगी लग्न होऊन गेली असली तरीही. समजा, एक गृहस्थ अठरा बिघे जमीन ठेवून वारले आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहेत. पत्नीला सहा बिघे. उरलेल्या बारांतून तिघा मुलांना चार-चार बिघे. एखादा मुलगा बापाआधीच वारला असेल, तर त्याचे चार बिघे त्याच्या मुलांना मिळतात. पत्नी हयात नसेल, तर सर्व मालमत्ता मुलांत सारखी वाटली जाते. मूलबाळच नसेल, तर पत्नीला निम्मी आणि उरलेली निम्मी नवऱ्याच्या रक्ताच्या नातलगांना, त्यांत आधी वडिलांना. पत्नी आधी वारली, तर तिच्या मालमत्तेत नवऱ्याला असाच हक्क आहे.

येथे हमखास एक मुद्दा निघतो: "ताईच्या लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा." कायदा हे मानीत नाही. बापाने हयातीत एखाद्या अपत्याच्या भल्यासाठी दिलेले पैसे वा वस्तू त्याच्या हिश्श्यातून वजा करता येत नाहीत, असे याच कायद्यात म्हटले आहे. ते न्याय्यही आहे. ताईच्या लग्नाचा खर्च वजा करायचा, तर दादाच्या कॉलेजची फी आणि मोटारसायकलही वजा करावी लागेल!

दुसरी गोष्ट. ख्रिस्ती कायद्यात जन्मसिद्ध वडिलोपार्जित हक्क नाही. बाप हयात असेपर्यंत मुलाला 'माझा वाटा काढून द्या' असे हक्काने म्हणता येत नाही. बापालाही आपली मिळकत मृत्युपत्राने कुणाला द्यायची याची मोकळीक असते.

एका मुलीने लढविलेला खटला

मुलींचा हा हक्क सर्वत्र सुखासुखी मिळाला, असे समजू नका. केरळात, जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या मुलखात, १९१६ चा एक ख्रिस्ती वारसा कायदा चालत असे. त्याप्रमाणे मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. कोट्टयमच्या शिक्षिका मेरी रॉय यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निकाल लागला. १९५१ साली संसदेने 'ब' वर्गाच्या राज्यांना केंद्रीय कायदे लागू केले, तेव्हाच १९२५ चा कायदा तेथे आला आणि जुना नियम संपला, असे न्यायालयाने ठरविले. आपल्या धार-देवासचे मध्यभारत हेही 'ब' वर्गाचेच राज्य होते. म्हणजे ज्या वाटेने हा कायदा कोट्टयमच्या मुलीपर्यंत पोचला, त्याच वाटेने उशिरात उशिरा १९५१ साली तो आपल्या मुलींपर्यंतही पोचला आहे. जुन्या करारात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात आणि देव त्यांचे म्हणणे रास्त ठरवितो, हे आपण वाचले आहेच.

कुक्षी-बागकडील भिल्ल व भिलाला कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आदिवासी जमातींना या कायद्यातून वगळण्याचा अधिकार राज्य सरकारला असतो आणि रूढीचा प्रश्नही निघतो. म्हणून त्यांनी जाणत्या वकिलाला विचारून पाऊल टाकावे. परंतु 'आमच्यात मुलीला देत नाहीत' एवढ्या बोलण्याने हक्क जात नाही. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही, तर तिच्या वारसांना वाटा नाकारता येणार नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर संहितेची कडक बंधने आहेत, हेही विसरू नये.

कामे कोणत्या क्रमाने करावी?

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कळवावे. उशीर जितका अधिक, तितके अर्ज व परवानग्या अधिक. चर्चच्या दफन-नोंदवहीतील उतारा हा सरकारी मृत्यू-दाखला नव्हे. मात्र आईबाप व मुले यांचे नाते दाखविण्यास बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले उपयोगी पडतात.

दुसरे काम नावे ताडून पाहण्याचे. घरात एक नाव, बाप्तिस्म्याचे दुसरे, खसऱ्यात तिसरे आणि आधार कार्डावर चौथे, असा प्रकार आपल्या घरांत फार. ही सर्व नावे एकाच माणसाची आहेत, असे शपथपत्र आधीच करून ठेवावे.

तिसरे काम फौती नामांतरणाचे. वारसांनी आपला हक्क सहा महिन्यांच्या आत कळवावा, असे भू-राजस्व संहिता सांगते. मृत्यू-दाखला, खसरा व खतौनीची नक्कल, ऋणपुस्तिका, वंशावळ आणि सर्व वारसांची ओळखपत्रे जोडून तहसीलकडे अर्ज द्यावा. वंशावळीत आई आणि सर्व बहिणी, मग त्या इंदूरला असोत की नाशिकला, लिहिल्याच पाहिजेत. 'पटवारी म्हणाला, मुलांची नावे पुरेत' हे उत्तर चालणार नाही. नामांतरणाने मालकी जन्माला येत नाही. ती नोंद महसुलासाठी असते. म्हणून गाळलेल्या बहिणीचा हक्क मरत नाही, पण तो मिळविण्यासाठी तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. भावाने आज वाचविलेली एक ओळ उद्या दोघांना दहा वर्षे कचेरीत बसविते.

नामांतरणाने फक्त नावे चढतात. शेताचे तुकडे पडत नाहीत. वेगळे खाते हवे असेल, तर बटवाऱ्याचा अर्ज निराळा करावा. तोवर एकत्र कसणे चालू ठेवता येते.

बहिणीला आपला वाटा भावाला द्यायचा असेल, तर तो तिचा अधिकार आहे. पण तो तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कत्यागपत्राने द्यावा. रक्षाबंधनाच्या जेवणावळीत 'मला काही नको' म्हटले, याला कायद्यात किंमत नाही. कोऱ्या कागदावर तर कुणीही सही वा अंगठा देऊ नये. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायचा असेल, तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

बँक आणि देणी

बँकेच्या खात्यावर ज्याचे नाव 'नॉमिनी' म्हणून लावलेले असते, तो पैसे उचलणारा; मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. त्याने ती रक्कम सर्व वारसांत वाटली पाहिजे. नॉमिनी नसेल, तर मोठ्या रकमेसाठी बँक न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते.

कर्जाची भीती बाळगून नामांतरण टाळू नका. बापाचे कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून फेडायचे असते. वारस स्वतः जामीन नसेल, तर त्याच्या स्वतःच्या कमाईवर ते येत नाही. देण्यांचा क्रमही कायद्याने लावून दिला आहे. आधी अंत्यविधीचा व शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टकचेरीचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर व घरगड्याची मजुरी, आणि त्यानंतर इतर देणी. मजुराचे पैसे सावकाराच्या आधी, हे कायद्याने सांगितलेले आपल्या मनालाही पटण्यासारखे आहे.

मृत्युपत्र करायचे असेल तर

मृत्युपत्र धडधाकट असताना करावे; सलाईन लागल्यावर नव्हे. साधा कागद चालतो, स्टॅंप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. करणाऱ्याने दोन साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्या.

दोन खोड्यांपासून मात्र सावध राहा. पहिली: ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार, त्याने किंवा त्याच्या नवरा-बायकोने साक्षीदार होऊ नये. जावयाने साक्षीची सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण मुलीला दिलेला वाटा रद्द होतो. दुसरी: मृत्युपत्र केल्यानंतर करणाऱ्याने लग्न केले, तर ते मृत्युपत्र रद्द होते. विधुराने पुन्हा संसार मांडला, तर त्याने नवे मृत्युपत्र करावे.

पूर्वी ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला न्यायालयातून 'प्रोबेट' घेतल्यावाचून हक्क सांगता येत नसे. २००२ च्या दुरुस्तीने ही सक्ती भारतीय ख्रिस्ती लोकांपुरती उठली. अजूनही कुणी 'आधी प्रोबेट आणा' म्हणाले, तर ही दुरुस्ती दाखवावी. मृत्युपत्राबद्दल घरातच वाद असेल, तर मात्र न्यायालयाचा शिक्का घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

वाद झालाच तर

१९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रीचे उत्पन्न किती, हे पाहिले जात नाही. त्यासाठी तहसील किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. लोक अदालतीत तडजोड झाली, तर ती न्यायालयाच्या हुकुमासारखीच मानली जाते, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आमची विनंती एवढीच की, महिन्याच्या मिस्सेला सगळी भावंडे जमतात, त्याच दिवशी पेटी उघडावी. आईला मध्ये बसवावे, कागद मोठ्याने वाचावेत, सर्वांची नावे एका कागदावर लिहावीत आणि तो कागद घेऊन त्याच आठवड्यात तहसील गाठावी. नवऱ्यामागे विधवेच्या नावावर सहा बिघे असले, तर म्हातारपणी औषधापाण्यासाठी तिला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.