लोगो मोठा, मागची सीट तेवढीच

२०१३ हे वर्ष आपल्याकडच्या गाडीबाजारात जरा वेगळं होतं. मेअखेरीस मर्सिडीझची ए-क्लास आली, जूनमध्ये व्होल्व्होची व्ही४० क्रॉस कंट्री आणि सप्टेंबरमध्ये बीएमडब्ल्यूची वन सीरीज. तोवर हॅचबॅक म्हणजे आल्टो, स्विफ्ट, फार तर आय-ट्वेंटी. आणि मर्सिडीझ म्हणजे ड्रायव्हर ठेवून मागे बसायची लांबलचक गाडी. ही दोन चित्रं एकाच गाडीत कशी बसवायची, हे ग्राहकाला कळेना. बावीस लाख मोजायचे आणि मागे गुडघे आवळून बसायचं? काहींनी ‘निव्वळ लोगोचे पैसे’ म्हणून नाक मुरडलं. काहींनी ‘जर्मन आहे, म्हणजे सगळं उत्तमच असणार’ म्हणत चेक फाडला. दोन्ही मतं अजून तशीच टिकून आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. या गाड्यांत घातलेला पैसा खरोखर कुठेतरी जातो; फक्त तो जागेत जात नाही.

‘व्हीलबेस लांब, म्हणजे मागे जागा ऐसपैस’

माहितीपत्रकातला सगळ्यात फसवा आकडा हाच. २०१३ च्या ए-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,६९९ मिलिमीटर. २०१५ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा जॅझचा २,५३०. कागदावर मर्सिडीझ जवळजवळ सतरा सेंटिमीटरनं पुढे, आणि एकूण लांबीत तर एक फुटाहून जास्त. तरीही मागे बसलं की ऐसपैस वाटते ती जॅझ.

जॅझचं बोनेट आखूड आहे, छप्पर उंच आहे आणि पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली न ठेवता पुढच्या सीटखाली सरकवलेली आहे. सीट उंच असल्यामुळे माणूस ताठ बसतो, पाय खाली सुटतात आणि त्याला लांबीची गरज कमी लागते. ए-क्लासमध्ये सीट जमिनीलगत. खाली बसलेल्या माणसाचे पाय पुढे पसरतात, त्यामुळे तेवढीच लांबी त्याला अपुरी पडते. वर छप्पर मागे उतरत जातं आणि लांब बोनेट आपला वाटा आधीच घेऊन बसलेलं असतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा बीएमडब्ल्यूनं स्वतःच दिला. जुन्या वन सीरीजमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं असे, आणि ताकद मागच्या चाकांना जाई. त्यासाठी लागणारा दांडा गाडीच्या मधोमध खालून जात असल्यामुळे मागे मध्ये बसणाऱ्याच्या दोन पायांमध्ये भलामोठा उंचवटा येई. २०१९ मध्ये कंपनीनं इंजिन आडवं बसवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. नवी गाडी आधीच्यापेक्षा ५ मिलिमीटरनं आखूड, व्हीलबेस २० मिलिमीटरनं कमी. आणि मागे गुडघ्यांसाठीची जागा ३३ मिलिमीटरनं जास्त, डिकी ३६० वरून ३८० लिटर. चालवण्याचे शौकीन अर्थातच हळहळले. मागे बसणाऱ्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांचं भलं झालं.

लक्झरी कंपनीला छोटी गाडी प्रशस्त करता येत नाही, असंही नाही. १९९७ ची पहिली ए-क्लास फक्त ३.५७ मीटर लांब होती, म्हणजे आजच्या बलेनोहून बरीच आखूड. पण तिचा तळ दुपदरी होता. समोरून धडक बसली तर इंजिन प्रवाशांच्या अंगावर न येता या तळाखाली सरकावं, अशी ती रचना. गाडी उंच होती आणि आत बसल्यावर तिची खरी लांबी सांगूनही पटत नसे. ही उंचीच पुढे महागात पडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत, रस्त्यावर अचानक हरीण आडवं आलं तर गाडी जशी झटकन वळवावी लागेल तशी वळवताना, ती उलटली. मर्सिडीझला वितरण थांबवावं लागलं. मग सस्पेन्शन बदललं आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा सर्वच ए-क्लासमध्ये विनामूल्य दिली. एवढ्या छोट्या गाडीत ही यंत्रणा सरसकट मिळणं तेव्हा नवलाचं होतं.

२०१२ मध्ये मात्र कंपनीनं हा सगळा विचार बाजूला ठेवला आणि आधीच्यापेक्षा पंधरा-सोळा सेंटिमीटरनं बुटकी, रुबाबदार ए-क्लास काढली. तिला तरुण गिऱ्हाईक हवं होतं. आपल्याकडे २०१३ मध्ये आली ती हीच. तिच्यात मागे जागा कमी आहे हा कुणाच्या हलगर्जीपणाचा परिणाम नाही. ती ठरवून सोडलेली जागा आहे.

‘प्रशस्त, उंची हॅचबॅक आपल्याकडे आलीच नाही’

आली, आणि जुळवलीही इथेच गेली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया बनत होती. आपण तिला सेडान म्हणत आलो, कारण मागून ती तशी दिसते. पण तिची मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उचलली जाते. रचनेनं ती पाच दारांची हॅचबॅकच. २०१३ च्या ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटरची होती. लग्नाच्या बस्त्याची सगळी पोती तिच्यात मावत आणि लोक ‘सेडानची डिकी केवढी मोठी!’ म्हणून कौतुक करत.

गंमत पुढेच आहे. २०१४ पासून त्याच कारखान्यात ऑडी ए३ सेडानही जुळवली जाऊ लागली. दोघींचा पाया एकच, फोक्सवॅगन समूहाचा एमक्यूबी. युरोपात तोच पाया गोल्फलाही आहे. ऑक्टाव्हिया चौदा लाखांच्या आसपास सुरू होई, ए३ तेवीस लाखांच्या. मोठी होती ती स्वस्तातली. मग वरचे नऊ लाख कशाचे?

काही भाग निःसंशय ऑडीच्या लोगोतल्या चार कड्यांचा. बाकीचा पैसा मोजपट्टीला दिसत नाही अशा जागी जातो: दारांच्या रबरी पट्ट्या, आवाज अडवणारे थर, गुडघ्याच्या पातळीखालीही स्वस्त न वाटणारं प्लास्टिक, बटण दाबल्यावर येणारा तो ठाम टक्क आवाज. महामार्गावर शंभरच्या वेगानं शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलता येणं ही खरी सोय आहे आणि ती फुकट मिळत नाही. पण चार जणांचं कुटुंब आणि सामान घेऊन कोकणात जायचं असेल तर त्या पैशांनी एक पिशवीही जास्त मावत नाही.

‘महाग गाडी खड्ड्यांतून मऊ चालते’

मऊपणाचा पहिला हिशेब टायरवर लिहिलेला असतो. २०५/५५ आर१६ या आकड्यांत टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. २२५/४० आर१८ घेतलं तर उंची ९० मिलिमीटर उरते. २३५/३५ आर१९ मध्ये ८२. खड्डा आधी झेलतं ते हे रबर, शॉकअपची पाळी नंतर येते. रिम मोठी होते तसा गाडीचा तोरा वाढतो आणि रबर कमी होतं. आपल्या बलेनोचं १९५/५५ आर१६ टायर सुमारे १०७ मिलिमीटरचं आहे. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर ही तफावत कमरेला नक्की कळते.

त्यात बीएमडब्ल्यूनं वर्षानुवर्षं रन-फ्लॅट टायर दिले. हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं साधारण ८० किलोमीटर चालतील, म्हणून स्टेपनी नाही. सोय चांगली. पण हवेविना गाडीचं वजन पेलायचं तर बाजूचं रबर कडक ठेवावंच लागतं, आणि हवा भरलेली असतानाही ते कडकच राहतं.

दुसरी गोष्ट मागच्या सस्पेन्शनची. एकाच नावाच्या गाडीत दोन वेगळी सस्पेन्शन असू शकतात, हे विक्रेता क्वचितच सांगतो. युरोपातली गोल्फ, ऑडी ए३ आणि २०१८ नंतरची ए-क्लास, तिन्हींच्या कमी ताकदीच्या आवृत्त्यांना मागे साधा टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग. जास्त ताकदीच्या आवृत्त्यांना प्रत्येक चाकासाठी वेगळी, अनेक दांड्यांची रचना. बलेनो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ यांनाही टॉर्शन बीमच. तो वाईट नाही. स्वस्त आहे, कमी जागा घेतो, देखभाल सोपी. पण परीक्षण वाचायचं वरच्या आवृत्तीचं आणि विकत घ्यायची खालची, असं झालं तर कौतुकातलं सस्पेन्शन आपल्या गाडीखाली नसतं.

सीटच्या बाबतीत मात्र युरोपीय गाड्यांना मानलंच पाहिजे. मांडीला आधार देणारी लांब गादी, कमरेशी बरोबर भिडणारी पाठ. पुणे-नागपूर एका दमात करून उतरल्यावर पाठ कुरकुरत नाही. अर्थात हे सुख पुढच्या दोघांचं.

‘डिकीचे लिटर म्हणजे लिटर’

युरोपातली रूढ पद्धत अशी: २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे प्रत्येकी एक लिटरचे ठोकळे डिकीत रचायचे आणि किती मावले ते मोजायचे. पाणी ओतून मोजलं तर आकडा मोठा येतो, कारण पाणी कानाकोपऱ्यात शिरतं, बॅग शिरत नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांत वीस-तीस लिटरचा फरक असेल तर त्यावर वाद घालू नये. इंधनाचा प्रकार जास्त फरक पाडतो. ए-क्लासची ३७० लिटरची डिकी प्लग-इन हायब्रिडमध्ये ३१० होते, ए३ ची ३८० वरून २८०. आपल्याकडे टाटा अल्ट्रोझची ३४५ लिटरची डिकी सीएनजीत २१० लिटर उरते. एक मोठी टाकी न बसवता दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्या म्हणून तेवढी तरी राहिली.

‘इंजिन तर त्यांचं स्वतःचंच असणार’

युरोपातल्या २०१२ च्या ए-क्लासच्या ए १८० सीडीआय आवृत्तीत बोनेटखाली १.५ लिटरचं डिझेल इंजिन होतं, रेनॉचं. त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे डस्टरमध्ये होतं, निसान सनीमध्ये होतं, आणि त्याआधी नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्रा-रेनॉ लोगनमध्येही. लोगनला टॅक्सी म्हणून हिणवणाऱ्यांना हे सांगितलं की चेहरा पाहण्यासारखा होतो. भारतात आलेल्या ए १८० सीडीआयला मात्र मर्सिडीझचंच २,१४३ सीसीचं इंजिन होतं, ताकद कमी करून बसवलेलं. पुढे पेट्रोलमध्ये तर उघड भागीदारी झाली. मर्सिडीझची तेव्हाची पालक कंपनी डाइमलर आणि रेनॉ-निसाननं मिळून १.३ लिटरचं टर्बो इंजिन विकसित केलं. २०२० च्या डस्टर टर्बोत ते १५६ अश्वशक्तीचं, तर चाकणमध्ये जुळवलेल्या २०२१ च्या ए-क्लास लिमोझिनमध्ये १६३ अश्वशक्तीचं.

यात फसवणूक काही नाही. इंजिन चांगलंच आहे. गिअरबॉक्स वेगळा, आवाज अडवण्याची व्यवस्था वेगळी, चालवताना अनुभवही वेगळा येतो. ‘इंजिनसाठी जास्त पैसे मोजले’ एवढं मात्र म्हणू नये.

‘लांबीनं छोटी, म्हणजे कर कमी’

चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात आखली गेली. चार मीटरपर्यंत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर ती छोटी गाडी, तिला उत्पादन शुल्क कमी. बलेनो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ या गाड्यांचे आकार या रेघेनं घडवले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के.

पण अट लांबीची आणि इंजिनाची, दोन्ही एकदम. मिनी कूपरची तीन दारांची गाडी ३.८८ मीटर लांब, बलेनोपेक्षाही आखूड. इंजिन मात्र दोन लिटरचं. कर ४० टक्के, वर आयातीचं सीमाशुल्क. डिकी २१० लिटर, म्हणजे सीएनजी अल्ट्रोझएवढी. २०२५ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची किंमत तेव्हा शोरूमलाच ५३ लाख होती. युरोपात गोल्फ ही चारचौघांची घरगुती गाडी आहे आणि जीटीआय तिची खेळकर बहीण. आपल्याकडे ती चैनीची ठरते, आणि त्यात गोल्फपेक्षा बंदराचा वाटा मोठा आहे.

‘सेकंडहँडमध्ये तर लॉटरीच’

त्या २०१३ च्या तिघी आता आपल्याकडे नव्या मिळत नाहीत. व्ही४० चं उत्पादन तर २०१९ मध्ये जगभर थांबलं. जुन्या बाजारात त्या नव्या बलेनोच्या किमतीत, कधी त्याहून खाली दिसतात. गाडीची किंमत उतरते. टायर, ब्रेक पॅड, सेन्सर, हेडलाइट यांची उतरत नाही. रन-फ्लॅटचा एक जोड आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची एक दुरुस्ती, एवढ्यात स्वस्ताईचा बराचसा भाग निघून जातो. गाडी पाहायला जाण्याआधी टायरच्या दुकानात तिच्या मापाच्या चार टायरांचा भाव विचारून घ्यावा, जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघावं, आणि मग सौद्याला बसावं.