कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे?

पोलीस ठाण्यांतले कॅमेरे बंद का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून हाती घेतला. निमित्त होतं राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंच्या बातमीचं. या वादाची दुसरी बाजू काशीत दिसते.

सिग्रा भागात महापालिकेच्या आवारात ‘काशी इंटिग्रेटेड कमांड अँड कंट्रोल सेंटर’ आहे. चौक आणि घाट तिथल्या पडद्यांवर दिसतात. पैसा स्मार्ट सिटीचा, कोविडमध्ये वॉर रूमही तीच. शिवाय चेहरे जुळवणारं ‘त्रिनेत्र’ ॲप उत्तर प्रदेश पोलिसांकडे २०१८ पासून आहे. तरी काशीत कॅमेऱ्यांविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. गोदौलियाच्या दुकानदाराला चोरीनंतर चित्रण हवंच असतं, आणि गर्दीत चुकलेली आजी सापडली तर कुणाला नको?

ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या मराठी गल्ल्यांत परका माणूस दिसला की ओट्यावरून चौकशी होतेच. पण चौकशी करणाऱ्या काकूंचं घर आपल्याला ठाऊक असतं. पडद्यामागे कोण बसलंय, चित्रण किती दिवस ठेवतात, कुणाला देतात, हे कुणाला विचारायचं? २०२३ चा विदा संरक्षण कायदा तर सरकारी यंत्रणांना सूट द्यायची मुभा केंद्राला देतो.

म्हणून विरोध रस्त्यावर नाही, कोर्टात दिसतो. हैदराबादेत मे २०२१ मध्ये कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना पोलिसांनी अडवलं, मास्क काढायला सांगितलं आणि त्यांनी नकार दिला तरी फोटो घेतला. पोलिसांना पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आलं नाही, तेव्हा चेहरे जुळवणाऱ्या यंत्रणेविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले. त्याआधी मार्च २०२० मध्ये लखनौत नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनातल्या आरोपींचे फोटो नाव-पत्त्यासह चौकाचौकांत लागले. अलाहाबादचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती गोविंद माथूर यांनी स्वतःहून दखल घेऊन चक्क रविवारी सुनावणी लावली आणि दुसऱ्या दिवशी फलक काढायला सांगितलं. सरकार दिल्लीला धावलं. स्थगिती तिथेही मिळाली नाही. चेहऱ्याला पत्ता जोडला की काय होतं, हे त्या फलकांइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

उलट, कोठडीत आणि ठाण्याच्या दारात कॅमेरे लावा, चित्रण शक्यतो दीड वर्ष जपा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२० चा. चौकातल्या कॅमेऱ्यांना निधी आणि उद्घाटनं मिळतात, ठाण्यातल्यांबाबत न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. सिग्र्याच्या एखाद्या पडद्यावर काशीतल्याच ‘चौक’ पोलीस ठाण्याची कोठडी दिसायला हरकत काय आहे?