रात्री दोनला फोन कोण उचलेल?

"भाऊंना आत बसू द्यायचं का?" असं मानसशास्त्रज्ञ मॅडमनी दादाला विचारलं, मला नाही. दादाने मान हलवली तेव्हाच मी खुर्ची ओढली. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. फक्त जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केलं.

जिल्हा रुग्णालयातल्या या खोलीपर्यंत आम्ही आलो ते टेली-मानसमुळे. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत फोन सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 लावायचा आणि भाषा निवडायची, की मराठीत बोलणारं माणूस मिळतं, रात्रीसुद्धा. आम्हाला त्यांनीच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं. केस पेपर काढला, रांगेत बसलो. शेजारच्या बाकावर ओळखीचं कुणी दिसेल या धास्तीने दादा मान खाली घालून होता.

झोप, जेवण, दुकान असं विचारून झाल्यावर मॅडम थेट म्हणाल्या, "काका, जीव द्यावासा वाटतो का?"

घरात आम्ही सगळे हाच प्रश्न टाळत आलो होतो. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही आपल्याकडची पक्की समजूत. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. दादा तर सैल पडला. "हो," म्हणाला, "दिवाळीपासून." मग पुढचं: नुसतं वाटतं की काही ठरवलंय? साधन हाताशी आहे? आधी कधी प्रयत्न केला होता? घरी पाठवायचं की भरती करायचं, हे या उत्तरांवरून ठरतं.

त्यानंतर त्यांनी एक कोरा कागद दादापुढे ठेवला. सुरक्षा योजना. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली ही पद्धत. लिहायचं रुग्णाने, स्वतःच्या शब्दांत. आधी धोक्याच्या खुणा. दादाने लिहिलं, "गल्ला मोजताना छाती भरून येते." मग अशा वेळी काय करणार? "मन शांत ठेवीन." मॅडमनी ते चालवून घेतलं नाही. "शांत ठेवणार म्हणजे नेमकं काय करणार?" बराच वेळ गेला. मग कागदावर आलं: शटर ओढून देवळाच्या कट्ट्यावर जाईन, पखवाज घेईन.

"फोन कुणाला करणार?" दादाने माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी मला विचारलं, "रात्री दोनला उचलाल?" मी फोन रात्री बंद ठेवतो. ती सवय त्या खोलीतच मोडली. शेवटी घरातल्या धोक्याच्या वस्तू. त्या त्याच दिवशी वहिनीच्या ताब्यात जाव्यात असं ठरलं. सल्ल्याच्या गोड वाक्यांपेक्षा मला हा खरडलेला कागद मोलाचा वाटतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन यांचा अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन 45 टक्क्यांनी कमी दिसलं.

गोळ्या मनोविकारतज्ज्ञांनी लिहून दिल्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके याच दिवसांत लोक "काही फरक नाही" म्हणून त्या सोडतात. खाजगीत जाणाऱ्यांनी एवढं पाहावं: औषध लिहितो तो डॉक्टर असलेला मनोविकारतज्ज्ञ, थेरपीसाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नुसती "समुपदेशक" अशी पाटी असेल तर शिक्षण कुठे झालं हे बेलाशक विचारावं. सूर जुळला नाही तर थेरपिस्ट बदलावा. थेरपीच सोडू नये.

वहिनीची भीती वेगळीच होती: पोलीस केस होईल. नुसत्या विचारांसाठी केस होत नाही. प्रयत्न झालेला असला तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं 115 वं कलम त्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच धरून चालतं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम घेतलेलंच नाही.

दादाच्या भेटी चालू आहेत. काही आठवडे बरे जातात, काही नाही.

तुमच्या घरात कुणी "आता पुरे झालं" म्हणत असेल तर सरळ विचारा. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका. धोका समोर दिसत असेल तर 108 किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग, नाहीतर 14416. आणि हे वाचताना तो विचार तुमच्याच मनात असेल, तर हा नंबर तुमच्यासाठीही आहे. आजच लावा.